भाड्याचे पलंग, पाच तारे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नाही, सल्लागारांनी सांगितलंय. "काका, तुमच्या डिजिटल प्रवासाची नोंद ठेवा. वर्षभराने वाचाल तेव्हा तुम्हालाच आश्चर्य वाटेल." मला तर आजच वाटतंय. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस प्रवासाला निघतो आणि खुर्चीवरून उठत नाही, याला दुसरं काय म्हणायचं?

आमचं दुकान आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देतं. दांडा फिरवला की डोक्याची बाजू वर होणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. म्हणजे मालक मी, आणि फोन घेते माझी थोरली बहीण, अक्का. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हापासून ती दुकानात बसते. तेवढाच तिचा वेळ जातो.

मोठ्या रस्त्यावर एका कंपनीने हेच काम सुरू केलंय. त्यांचं ॲप आहे. बोट लावलं की पलंग दारात. आमच्याकडे आज अकरा पलंग भिंतीला टेकून उभे आहेत. गावात सगळे ठणठणीत झाले म्हणून उभे असते तर मीही खूश झालो असतो. पण लोक पडतायत, झडतायत, आणि कंपनीच्या पलंगावर निजतायत. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत दुकानाला कुलूप.

म्हणून सल्लागार. वय सव्वीस, आत्मविश्वास साठ वर्षांच्या सर्जनचा. दुकानात सव्वा तास घड्याळ लावून बसले. तेवढ्या वेळात अक्काने तीन फोन घेतले. सल्लागारांनी हिशेब केला: एका फोनला सरासरी बावीस मिनिटं. मग अक्काकडे बोट न दाखवता, पण भुवईने दाखवत म्हणाले, "काका, दुखणं इथे आहे."

मला पटलं. विचारायचं काय असतं? काय हवं, किती दिवस, पत्ता. अक्का त्यात दार किती रुंद, जिना कुठे वळतो, खिडकी आजाऱ्याच्या कुठल्या हाताला येईल, रात्री जवळ कोण झोपतं, इथपर्यंत जाते. पलंग द्यायचाय की सोयरीक जुळवायचीय?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वेबसाइट दाखवायला आणली. उघडल्या उघडल्या सोनेरी केसांची एक तरुण बाई, हिरव्या गवतावर, व्हीलचेअरमध्ये बसून खो खो हसतेय. खाली लिहिलंय: 'आरामाची नवी अनुभूती'.

अक्काने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "हिला झालंय काय?"

"काही नाही, ती मॉडेल आहे."

"मग खुर्चीत कशाला बसलीय?"

सल्लागार हसले. अक्का हसली नाही. तिचं म्हणणं, वर मोठ्या अक्षरांत फोन नंबर टाका, बाकी काय हवं ते करा. त्यावर सल्लागारांनी तिला समजावलं, "आजी, आजच्या ग्राहकाला फोन हा अडथळा वाटतो." अक्का त्रेसष्टची आहे. 'आजी' ऐकून तिने जे पाहिलं, ते पाहून मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली.

नंबर टाकलाय. शेवटच्या पानावर, तळाला, करड्यावर करडा.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजपासून दुकानाला फोन केला की एक गोड आवाज सांगतो, "आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरा." फॉर्मला तीन रकाने. काय हवं, किती दिवस, पत्ता. मला माझंच कौतुक वाटलं.

अक्काने विचारलं, "मग मी काय करू?"

"आराम कर," म्हटलं. माणसाला आणखी काय हवं असतं?

तिने सगळे वॉकर पुसले. मग कुबड्या उंचीप्रमाणे लावल्या. मग वॉकर परत पुसले. चार वाजता घरी गेली. जाताना स्वतःच्या मोबाइलवर कुणाला तरी सांगत होती, "चादर आधी पायाकडून खोचा, मग कूस बदलवा." फोनवर गप्पा मारायची सवय सुटायला वेळ लागणारच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहिली ऑनलाइन ऑर्डर! पलंग, दोन महिने, पत्ता. सल्लागारांचा फोन आला, "काका, इतिहास घडला."

घडला खरा. पत्ता तिसऱ्या मजल्यावरचा. लिफ्ट नाही. जिना वळतो तिथे टेम्पोवाल्याने पलंग उभा केला, आडवा केला, तिरका केला, शेवटी कठड्यावरून दोरीने चढवला. दारात पोचल्यावर कळलं की पलंग तीन फुटी आणि दार अडीच फुटी. आतल्या खोलीत म्हाताऱ्या बाई जमिनीवरच्या गादीवर, मुलगा आणि सून दारात, आणि मध्ये आमची आरामाची नवी अनुभूती. शेजाऱ्यांना दीड तास जिना उतरता आला नाही.

टेम्पोवाला परत येऊन म्हणाला, "अक्का नेहमी आधी दार विचारून सांगायच्या. मग आपण अरुंदवाला न्यायचो."

अक्का वॉकर पुसत होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. संध्याकाळी तिने स्वतःच टेम्पोवाल्याबरोबर अरुंद पलंग पाठवून दिला.

सल्लागारांना सांगितलं. ते म्हणाले, असा अनुभव म्हणजे 'शिकण्याची संधी'. संधी दोरीने चढवायला ते नव्हते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नवं सॉफ्टवेअर. ग्राहकांशी नातं जोडणारं. सल्लागारांनी आमच्या वहीच्या गेल्या चार वर्षांच्या पानांचे फोटो नेले होते, त्यांच्या ऑफिसातल्या कुणी तरी सगळं टाइप केलं. कोणी काय नेलं, कधी परत केलं, फोन नंबर.

मग त्यांनी विचारलं, "वस्तू परत करायला ग्राहक येतो, तेव्हा त्याला तुम्ही काय म्हणता?"

आम्ही काही म्हणत नाही. म्हणजे 'पुन्हा या' तर म्हणतच नाही. हा वडिलांचा नियम. आमच्याकडे पलंग दोनच कारणांनी परत येतो, आणि दुकानातल्या माणसाने कारण विचारायचं नसतं. गिऱ्हाइकही 'येतो' म्हणत नाही. पावती घेतं आणि नुसतं वळतं. अक्का दारापर्यंत जाते आणि "जपा" म्हणते, बस.

सल्लागारांना धक्काच बसला. "म्हणजे दर वेळी ग्राहक गेला तो गेलाच! काका, धंदा गळतोय तो इथे."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. इतकी वर्षं आपण वेड्यासारखे गप्प बसलो असं वाटलं. त्यांनी पडद्यावर एकामागून एक प्रश्न आणले, परत करणाऱ्यांना मेसेज पाठवायचा का, अभिप्राय मागायचा का, सूट द्यायची का. प्रत्येकाखाली 'होय'चं हिरवं बटण. मी होय, होय, होय करत गेलो. मजकूर वाचला नाही. चष्मा गल्ल्यावर होता आणि उठायचा कंटाळा आला.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी दहाला सल्लागारांचा मेसेज: 'त्रेचाळीस जणांपर्यंत पोचलो!' मी घरात बसून चहा पीत होतो. काही न करता त्रेचाळीस लोकांपर्यंत पोचायचं, याला म्हणतात तंत्रज्ञान.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अक्का आली नाही. माझ्या बायकोकडे निरोप दिला, गुडघे दुखतायत.

राग नाकावर असतो असं ऐकलं होतं. अक्काचा गुडघ्यात निघाला. फोन काढून घेतला त्याचं दुखणं, दुसरं काय! पण आठवडाभर वॉकर पुसल्यावर आजच कसे दुखायला लागले?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वेबसाइटवर दोन अभिप्राय आलेत. एक मेहुण्याचा, पाच तारे: 'अप्रतिम सेवा, नक्की पुन्हा घेऊ.' त्याने आजवर आमच्याकडून कुबडीसुद्धा नेलेली नाही. बायकोने सांगितलं म्हणून लिहिलं. दुसरा, एक तारा: 'पलंग चांगला असेल. जिन्यात होता तोवर तसंच वाटत होतं.' लिहिणाऱ्याला आमच्याकडे जाहिरातीचं काम द्यावं म्हणतो.

फॉर्म या आठवड्यात दोन आले. एकाने पत्त्याच्या रकान्यात लिहिलंय 'आजोबांच्या घरी'.

बायको रोज रात्री एकच टुमणं लावते, "एकदा अक्कांकडे जाऊन या."

"गुडघे तिचे दुखतायत. मी जाऊन काय ते दाबू?"

"जाऊन तर या."

नाही गेलो. धाकटा असलो तरी मालक आहे. रुसलेल्या माणसाच्या दारात आपण गेलो की रुसव्याला किंमत येते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आजचं पान कोरं ठेवणार होतो, पण लिहितो.

अकराच्या सुमारास एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. गेल्या वर्षी यजमानांसाठी पलंग नेला होता, पाच महिन्यांनी परत आणला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मोबाइल काढला आणि वर्गात धडा वाचावा तसं उभ्याने वाचलं:

'तुमची आठवण येते! पलंग परत करून बरेच दिवस झाले. पुन्हा या, पहिल्या महिन्यावर वीस टक्के सूट. आमचा पलंग कसा वाटला? तारे द्या!'

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सूट यांना घ्यायची आहे. पत्ता कुठला लिहू?"

मी काही तरी पुटपुटलो. यंत्राने पाठवलं, वगैरे.

"यंत्राने लिहिलंय ते कळतंय हो मला. दुकान तर माणसांचं होतं ना?" मग इकडेतिकडे पाहून, "तुमच्या बहीणबाई कुठे आहेत? त्या असत्या तर हे झालं नसतं."

त्या गेल्यावर मी तिथेच भिंतीला टेकलेल्या पलंगांकडे बघत बसलो. लाज वाटली. फार लाज वाटली. सल्लागारांना, दुकानाला, त्या हिरव्या बटणाला शिव्या देऊन पाहिल्या, पण बोट माझंच होतं.

सल्लागारांना फोन केला तर ते आनंदात. "काका, उघडून वाचणाऱ्यांचं प्रमाण एक्याण्णव टक्के! एवढं कुणाचंच नसतं." कशाने वाचलं असेल ते सांगितल्यावर म्हणाले, काळजी नको, माफीचाही तयार मेसेज आहे, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. एक बटण दाबलं की त्रेचाळीस जणांना एकदम.

घरी सांगितलं. बायकोने ताट वाढताना हात थांबवला. "वहीतल्या सगळ्यांना गेला?"

"सगळ्यांना."

"चार वर्षांच्या सगळ्यांना?"

"सांगितलं ना, सगळ्यांना!"

त्यानंतर ती जेवण होईपर्यंत बोलली नाही. माझ्या धंद्याचं तिला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बटण दाबलं नाही. यादी छापून घेतली, दोन पानं. प्रत्येकाला स्वतः फोन करायचा ठरवलं. बायकोने दुसरं पान माझ्या हातातून काढून घेतलं, "हे पंधरा मी बघते." म्हटलं बघ. माझ्याकडे अठ्ठावीस.

पहिला फोन लावला. माझा इतक्या वर्षांचा तोंडाळपणा एका 'हॅलो'त आटोपला. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं." पलीकडचे गृहस्थ त्यांच्या आईबद्दल बोलत सुटले. शेवटच्या दिवसांत तिला खिडकीतून शेजारचं झाड दिसायचं म्हणे. पलंग तसा लावा असं अक्काने सांगितलं होतं.

एकाने शिव्या घातल्या. ऐकून घेतल्या, वाजवी होत्या. एका मुलीने फोन कापला, मग तिनेच परत केला आणि रडली. सातव्या नंबरला एका जाड आवाजाने उचललं. मी आता सराईत झालो होतो. म्हटलं, "आपल्या दुःखात आमच्या मेसेजने भर पडली, फार चुकलं."

"कोण गेलं?"

वहीत पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही."

म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. खुब्याचं हाड जुळलं, आता तो रोज भाजी आणायला जातो. मला म्हणाला, "अहो, बहीण कुठाय तुमची? दर रविवारी विचारायची, चाललात का किती पावलं. दोन रविवार फोन नाही तिचा."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजच्या चौदापैकी अकरा जणांनी अक्काबद्दल विचारलं. मला कोणी ओळखलं नाही. 'मालक बोलतोय' म्हटल्यावर एक आजी म्हणाल्या, "अस्सं? त्यांना मालकही आहे का?"

संध्याकाळी घड्याळाकडे लक्ष गेलं. माझी सरासरी निघाली चोवीस मिनिटं. अजून निम्मे फोन उद्यासाठी राहिलेत.

शनिवार, १ मार्च

फोन काल संपले. आज सल्लागारांना कळवलं, मेसेज कायमचे बंद करा, तुमचं काम संपलं. जाता जाता सहज विचारलं, त्या मेसेजना कुणी उलट उत्तर दिलं तर ते कुठे जातं?

"एका पेटीत जमा होतं. पण ती कोणी बघत नाही, काका. यंत्र आपोआप धन्यवाद देतं."

कशी उघडायची ते विचारून घेतलं आणि उघडली. अकरा उत्तरं होती. 'हा नंबर काढून टाका.' 'कोण तुम्ही?' 'लाज नाही वाटत?' प्रत्येकाखाली यंत्राने हसऱ्या तोंडाने लिहिलेलं: 'धन्यवाद! तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

सगळ्यात जुनं उत्तर तळाशी. रविवार, १६ फेब्रुवारी, दहा वाजून वीस मिनिटं.

'ते गेले. पलंग चांगला होता. दांडा फिरवायला जरा जड जायचा, तेवढं तेल घालत जा.'

वर नंबर होता. तो नंबर मला बघावा लागत नाही, पाठ आहे.

भाऊजी सात महिने आमच्याच पलंगावर होते. वहीत नोंद मीच केली होती, कारण वस्तू दुकानाबाहेर गेली की घरच्यांचीही लिहायची, ही वडिलांचीच शिस्त. यंत्राने तिला लिहिलं होतं, तुमची आठवण येते, पुन्हा या. तिच्या उत्तराला यंत्राने धन्यवाद दिले आणि विचारलं, तारे द्यायचे राहिले का? तिने दिले होते. पाच.

आणि मी गुडघ्यांवर विनोद करत बसलो होतो.

दुकान उघडंच टाकून गेलो. अक्काने दार उघडलं. स्टुलावर चढून माळा आवरत होती, हाताला धूळ. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"अक्का, चुकलं माझं."

"किती जणांना म्हणालास हे?"

"अठ्ठावीस."

"मग सवय झाली असेल," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

बसलो. समोर भिंतीशी पलंगाएवढी जागा अजून मोकळीच आहे. तिथे तिने काही ठेवलेलं नाही. यापूर्वी मी इथे किती वेळा आलो असेन, मला ती दिसली नव्हती.

पाणी प्यायलो. म्हटलं, सोमवारपासून फोन तुझा. ती म्हणाली, "बघू. आधी फॉर्मात दार, जिना आणि खिडकी घाल. फोन न करणारेही असतात बिचारे." म्हणजे ती येणार. पण मला तेवढ्याने उठवेना. शेवटी विचारलंच, "यंत्राने पाठवलंय हे तुला कळलं नाही का? उत्तर कशाला लिहीत बसलीस?"

"कळलं की. मी काय दूधखुळी आहे?" हाताची धूळ पदराला पुसत म्हणाली. "दुकानाच्या नावाने आलं होतं, धाकट्या. म्हटलं, तू वाचशील."

तेरा दिवस झाले होते. म्हटलं, ते तारे काढून टाकतो.

"राहू देत," म्हणाली. "पलंग खरंच चांगला होता."